भाकरीतला चोथा आणि आतड्यातले यीस्ट

प्रश्न : दातांच्या संसर्गासाठी मी नुकतीच आठवडाभर प्रतिजैविके घेतली. तेव्हापासून पोट फुगलेले असते. माझ्या जाऊबाई म्हणतात की भाकरी-उसळींतला चोथा पोटात आंबतो, त्यावर यीस्ट पोसले जाते, म्हणून ते खाणे बंद करावे. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : चोथा आंबतो हे तुमच्या जाऊबाईंचे म्हणणे खरे आहे, परंतु तो आंबवण्याचे काम मुख्यतः जिवाणू करतात, यीस्ट ही सूक्ष्म बुरशी नव्हे. कँडिडा नावाचे यीस्ट बहुतेक निरोगी माणसांच्या आतड्यात अल्प प्रमाणात असतेच, आणि त्याला आवडते ती ग्लुकोजसारखी साधी साखर. चोथा म्हणजे आपल्या पाचकरसांना न जुमानणारे तंतू; ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांपासून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार करतात. प्रयोगशाळेत या आम्लांमुळे कँडिडाची वाढ मंदावते आणि ऊतींत घुसण्यास उपयोगी पडणारे त्याचे लांब धागेही कमी फुटतात, असे आढळले आहे. शिवाय ब्युटिरेट वापरताना आतड्याच्या अस्तरातील पेशी प्राणवायू खर्च करतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा उरत नाही, आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या या जिवाणूंच्या ते पथ्यावर पडते. प्रतिजैविकांनी नेमके हेच जिवाणू घटतात, म्हणून यीस्टला मोकळीक मिळते. अशा वेळी चोथा तोडणे म्हणजे उरलेल्या राखणदारांचे अन्न काढून घेणे होय, असे मला वाटते. मात्र चोथ्याने यीस्टचा आजार बरा होतो, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात तीनपेक्षाही कमी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान 25 ग्रॅम सुचवते. ते एकदम गाठायला गेलात, तर जिवाणूंनी केलेल्या वायूनेच पोट फुगेल. म्हणून आधी अर्धी भाकरी, थोडी मोड आलेल्या मुगाची उसळ, असे आठवड्या-आठवड्याने वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

पोट फुगणे ही यीस्ट वाढल्याची खूण मानू नये. जुलाब, ताप, शौचातून रक्त किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि घेतलेल्या प्रतिजैविकाची चिठ्ठी सोबत न्यावी.