‘इकडून’ म्हणणाऱ्यांचं प्रेम

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमची सगळ्यात लाडकी ऐतिहासिक प्रेमकादंबरी कुठली आणि का, आणि खरं सांगते, एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. ‘राऊ’वाले सगळ्यात जास्त, मग ‘स्वामी’, मग ‘शिकस्त’, आणि आवड कळवता कळवता बऱ्याच जणांनी एकमेकांशी वाद पण काढलेत, ते वाचायला मला फार आवडलं. सगळ्यांना उत्तरं देणं या पानात बसत नाही म्हणून काही निवडलीत, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका.

नागपूरचे एक वाचक: ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ नंबर वन, यात वाद घालायचं कारणच काय? कॉलेजात असताना रात्रभर जागून वाचली होती, अजून तो माहोल डोक्यातून गेला नाही.

काका, वाद आहे, आणि तो माझा माझ्याशीच आहे. मी ‘राऊ’ अकरावीत वाचली, वाचनालयाची प्रत होती, पाठीमागची शिवण सुटलेली, आणि कुणीतरी मस्तानीच्या प्रत्येक प्रसंगाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. मी पण त्या रेघांच्या मागे मागे वाचत गेले आणि शेवटी हमसून रडले. बाजीराव पेशवे, म्हणजे राऊ, आणि मस्तानीवरची 1972 ची कादंबरी आहे ती, पण भाषेला आजही गंज चढलेला नाही. मग चाळिशीनंतर परत हातात घेतली आणि कसं कोण जाणे, डोळे सारखे बाजीरावांच्या पहिल्या बायकोकडे, काशीबाईंकडे जायला लागले. म्हणजे बघा ना, 28 एप्रिल 1740 ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले तेव्हा मस्तानी तिकडे पुण्याकडे पहाऱ्यात अडकलेली, आणि जवळ कोण होतं तर काशीबाई, धाकट्या जनार्दनाला घेऊन आलेल्या. आणि मस्तानी पण त्याच वर्षी गेल्यावर तिच्या सहा वर्षांच्या मुलाला, समशेर बहादरला, पेशव्यांच्या घरात वाढवलं ते याच बाईंनी. पुढे तो पोरगा पानिपतावर लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. आता मला सांगा, सवतीच्या लेकराला पहिल्यांदा जवळ घेताना त्या बाईच्या मनात काय झालं असेल? माझ्यासाठी सगळ्यात मोठी प्रेमकथा त्या एका क्षणात आहे, आणि ती मनासारखी लिहिलेली मला अजून कुठेच वाचायला मिळाली नाही. ‘राऊ’ थोरच आहे, पण ती राऊंची आहे, नावातच आहे ते.

सांगलीच्या एक मावशी: सून सिनेमा बघून आली आणि म्हणते दोघी सवती एकत्र पिंगा खेळल्या. मी म्हटलं, अगं असं काही झालेलं नाही, तर म्हणते तुमच्या कादंबरीत तरी सगळं खरं असतं का. आणि मस्तानी नाचणारी होती की राजकन्या, ते पण एकदा सांगून टाका.

पिंग्याचं तुमचं बरोबर आहे, 2015 च्या त्या सिनेमातल्या नाचाला कागदोपत्री काही आधार नाही. पण सूनबाईंचा प्रश्न पण रास्त आहे हं, तिला गप्प करू नका. कादंबरी म्हणजे बखर नव्हे, रिकाम्या जागा लेखक भरणारच. मस्तानीच्या जन्माबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं बुंदेलखंडच्या छत्रसालांची मुसलमान राणीपासून झालेली लेक, कुणी म्हणतं दरबारातली कलावंतीण. 1729 मध्ये मोगल सरदार बंगषाच्या वेढ्यातून बाजीरावांनी छत्रसालांना सोडवलं, त्यानंतर ती पुण्याला आली, इथपर्यंत ठीक.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे, की राजकन्या ठरली तर तिचं प्रेम खरं आणि नाचणारी ठरली तर खोटं, असं थोडंच आहे? हा प्रश्न आपण ज्या घाईने विचारतो ना त्याचाच मला त्रास होतो. कागदपत्रांत मस्तानीचा स्वतःचा आवाज जवळपास नाहीच, तिच्याबद्दल बोलतात ते सगळे दुसरे, बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा बोलतात, मुलगा नानासाहेब बोलतात. आणि जानेवारी 1740 मध्ये साताऱ्याहून शाहू महाराजांचं मत पुण्याला कळवलं गेलं, त्याचा मथितार्थ असा की जबरदस्ती करून हे सुटायचं नाही, ज्याचं त्याला देऊन टाका आणि त्याचं समाधान राखा. सगळ्या घरात शहाणपणाचं तेवढंच एक बोलणं, आणि तरीही ते ऐकलं गेलं नाही. सूनबाईंना हे सांगा, त्यांना सिनेमापेक्षा जास्त आवडेल.

डोंबिवलीची एक वाचक: ‘स्वामी’ माझा जीव की प्राण. पण माझी मुलगी, वय 19, शेवट वाचून पुस्तक आपटून उठली. म्हणाली, आई, एक बाई जिवंत जळते आणि तू याला प्रेमकथा म्हणतेस? मला उत्तरच सुचलं नाही.

ताई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुमच्या मुलीच्या वयात मला हा प्रश्न पडला नव्हता आणि पडायला हवा होता.

आधी ‘स्वामी’ मला का आवडते ते सांगते. रणजित देसाईंनी 1962 मध्ये लिहिली, 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते सगळं असूं दे. त्यात एक नवरा-बायको आहेत, लहानपणी लग्न झालेली, आणि त्यांना एकमेकांसाठी वेळच नाही. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले ते पानिपताच्या राखेवर, घरात राघोबादादांसारखे काका, दारात निजाम, खाली हैदर, आणि अंगात क्षय. रमाबाईंच्या वाट्याला तो माणूस येतो तो सगळं राज्य त्याला वापरून झाल्यावर, रात्रीचा, थकलेला. हे कुठल्याही संसार केलेल्या बाईला कळतं. आपल्याकडे प्रेमकथा म्हटलं की भेटणं आणि ताटातूट, पण रोज एका छताखाली असून न भेटणं, ते ‘स्वामी’त मला दिसतं आणि म्हणून मी ती ‘राऊ’च्या वर ठेवते.

आता शेवट. 18 नोव्हेंबर 1772, थेऊर. माधवराव 27 वर्षांचे. रमाबाई सती गेल्या. हे लेखकाने मनाने घातलेलं नाही, झालेलं आहे, त्यामुळे ते बदलता आलं नसतं. पण तुमची लेक ज्याला आक्षेप घेतेय ते बहुतेक हे आहे की आपण वाचणारे त्या चितेकडे प्रेमाचा कळस म्हणून बघतो. आणि तिथे ती शंभर टक्के बरोबर आहे. तिला अजून एक गोष्ट सांगा, म्हणजे तिच्या हातात नुसता राग राहणार नाही. त्याच्या अठराच वर्षं आधी, 1754 मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, अहिल्याबाई सती जायला निघाल्या, आणि सासरे मल्हारराव आडवे आले, म्हणाले जाऊ नकोस. म्हणजे त्याच काळात, त्याच मराठेशाहीत, थांबवणारं माणूस असू शकत होतं आणि थांबलेली बाई असू शकत होती, आणि ती थांबली म्हणून पुढे महेश्वरहून तिने केलेला कारभार झाला. मग रमाबाईंना कुणी थांबवलं का नाही? मूलबाळ नाही, नवरा गेला, वाड्यात मागे राघोबादादांचं राजकारण, अशा घरात त्या तरुण विधवेला पुढे काय दिसत असेल? हा विचार करत शेवटची पानं वाचली ना की ते प्रेम कमी होत नाही, पण चितेचं कौतुक राहत नाही. आणि हे सगळं जुनं झालं असंही म्हणू नका, 1987 मध्ये राजस्थानात देवराळ्याला 18 वर्षांची रूपकंवर जळाली, तुमच्या मुलीपेक्षा एका वर्षाने लहान.

मी आईबरोबर थेऊरला गेले होते. चिंतामणीचं दर्शन झालं, माधवरावांनी बांधलेल्या लाकडी सभामंडपात थोडं टेकलो, मग नदीकडे रमाबाईंच्या वृंदावनाशी गेलो. तिथे एक बाई आल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि बरोबरच्या मुलीला म्हणाल्या, नमस्कार कर. मुलीने केला. आई माझी खूप वेळ तशीच उभी होती, हात न जोडता, आणि परतताना गाडीत म्हणाली, पोर होती गं. बस एवढंच. तुमच्या मुलीला सांगायला माझ्याकडे याहून चांगलं काही नाही.

नाशिकचे एक वाचक: तुम्ही लोक ‘शिकस्त’ला का विसरता? पार्वतीबाईंसारखी वाट कुणी पाहिली?

विसरत नाही हो, उलट तुमचं पत्र आलं म्हणून बरं वाटलं. वरच्या डोंबिवलीच्या ताईंनी ‘स्वामी’ संपवली की लगेच इनामदारांची ‘शिकस्त’ मुलीच्या हातात द्यावी असं मी सुचवेन. 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ पानिपतावर गर्दीत शिरले ते परत कुणाला दिसले नाहीत, त्यांची बायको पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेवर होत्या, कशाबशा जीव वाचवून परत आल्या, आणि मग कुंकू पुसायचंच नाही म्हणाल्या. 1783 मध्ये गेल्या, म्हणजे बावीस वर्षं. मधे भाऊंचा तोतया उभा राहिला, 1776 मध्ये त्याला देहदंड झाला, आणि मी सारखा एकच विचार करते की ती बातमी वाड्यात पहिल्यांदा आली, भाऊ सापडले म्हणून, ती रात्र त्या बाईने कशी काढली असेल. खरं मानावं तरी मरण, खोटं मानावं तरी मरण. बावीस वर्षं लोकांच्या नजरा झेलत रोज सकाळी कुंकू लावायचं हे तलवार चालवण्याइतकं अवघड काम आहे. पहिला नंबर द्यायचाच झाला तर माझा ‘शिकस्त’ला.

बेळगावची एक वाचक: ‘ययाति’ यात धरायची का? देवयानी, शर्मिष्ठा, सगळं आहे की त्यात.

नाही धरायची. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ तिच्यासाठी मिळालं, माझी पण आवडती आहे, पण ती पुराणातली, इतिहासातली नव्हे. पौराणिकवर वेगळं पान करू, तिथे भांडू.

रत्नागिरीचे एक निवृत्त शिक्षक: सगळे पेशवाईतच अडकलेत. जुन्यांची आठवण काढणार की नाही?

काढते की सर. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ धरतात, 1871 ची, ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये आलेली, आणि नंतर हरिभाऊ आपट्यांनी तर रस्ताच पाडून दिला. पण प्रामाणिकपणे सांगते, त्यातली प्रेमं मला अजून दुरूनच दिसतात. तुम्ही एखादं प्रकरण निवडून त्याबद्दल लिहून पाठवा ना, तुमच्या नजरेने परत वाचते.

न्यू जर्सीहून एक आई: मुलगा 16 वर्षांचा, मराठी वाचतो पण हळू. त्याला ‘स्वामी’ वाचून दाखवतेय. पेशवाईवरचं काहीही घेतलं की तो अडकतो, “इकडून येणं झालं” म्हणजे कोण आलं? बायको नवऱ्याशी असं कर्त्याशिवाय का बोलते? रोमँटिक कसं वाटणार त्याला?

अहो, तो बरोबर जागी अडकलाय! सगळी गंमत तिथेच आहे. त्याला सांगा की घरंदाज बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघात थेट बोलायचं नाही, मग तिने वाक्यातून माणूसच काढून टाकला आणि जागा तेवढी ठेवली. इकडून येणं झालं, इकडची स्वारी, इकडे आवडत नाही. सगळ्या जगात एकच ‘इकडे’. माझी आजी आजोबांबद्दल बोलताना शेवटपर्यंत असंच बोलायची, “इकडून जेवण व्हायचंय अजून”, आणि आजोबा गेल्यावर एकदा संध्याकाळी ताटं मांडताना सवयीने तेच अर्धं वाक्य तोंडातून आलं, “इकडून...” आणि ती ताट हातात धरून तशीच थांबली. मी आठ-नऊ वर्षांची होते. तेव्हा काही कळलं नाही, पण या कादंबऱ्यांतले नवरा-बायको मला कळतात ते तिच्यामुळे.

वाचायला मात्र एकदम सगळं देऊ नका. रोज रात्री आठ-दहा पानं मोठ्याने, तुम्ही एक पान त्याने एक पान. राजकारणाची पानं जड वाटली तर तुम्ही गोष्ट सांगून पुढे न्या, पण रमा-माधवाचे संवाद त्यालाच वाचू द्या, अडखळत का होईना. मृणाल कुलकर्णींनी आधी ‘स्वामी’ मालिकेत रमाबाई केली आणि मग 2014 मध्ये ‘रमा माधव’ सिनेमा दिग्दर्शित केला, तो पुस्तक संपल्यावर दाखवा, आधी नको, नाहीतर चेहरे ठरून जातात.

पुण्यातलं एक तरुण जोडपं: आम्ही दोघांनी मिळून ‘राऊ’ वाचली. आता कुठे जाऊन बघण्यासारखं काही उरलंय का? शनिवारवाडा सोडून.

आहे ना. आधी केळकर संग्रहालयात जा, कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून तिथे परत उभे केलेत. मग एक रविवार काढा आणि राजगुरुनगरला जा. तिथून एका बाजूला, शिक्रापूरच्या रस्त्यावर पाबळ लागतं, तिथे मस्तानीची कबर आहे, गावातली माणसं समाधी पण म्हणतात आणि मजार पण म्हणतात, दोन्ही शब्द एकाच तोंडून ऐकायला मिळतील. फार काही भव्य नाही, जाताना फुलं घेऊन जा. आणि दुसऱ्या बाजूला, भीमाशंकरच्या रस्त्याला चास. ते काशीबाईंचं माहेर, तिथलं सोमेश्वराचं देऊळ त्यांनीच बांधलेलं. बहुतेक लोक पाबळला जातात आणि तिथूनच मागे फिरतात. तुम्ही तसं करू नका, चासला पण जा.