बायकांच्या सहकारी उत्पादक संघात नव्याने आलेल्या सखीला

आलीस, बरं झालं. बैठकीत सगळ्या बाजारपेठेबद्दल बोलतील. तू आधी रोख पैशाचं विचार. माल दिला की सभासदाला त्याच दिवशी पैसे हवे असतात, आणि मोठा खरेदीदार महिना-दीड महिना लावतो. मधल्या काळासाठी खेळतं भांडवल नसेल, तर बाई व्यापाऱ्याकडे वळते. मग आपणच तिला फितूर म्हणतो! इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या सहकारी दुकानाने १८४४ मध्ये रोखीचाच नियम केला, तो उगाच नाही. आपल्याला मोठ्या गिऱ्हाइकाला उधारी नाकारता येत नाही, म्हणून नफा वाटण्याआधी राखीव निधीचा आग्रह धर. कुरकुर होईल, होऊ दे. कर्जावर भिस्त ठेवू नकोस; तारण मागतात, आणि जमीन बहुतेकींच्या नावावर नसते.

दर ठरवताना निवडणं, वाळवणं, पॅकिंग या सगळ्याचे तास धर. ते फुकट धरले की माल स्वस्त दिसतो, एवढंच. अनुदानातून पगार आणि गाडीभाडं निघत असेल, तर ते बंद पडल्यावर काय, हे आजच कागदावर मांड.

हिशोबाची वही एकाच बाईकडे नको, ती बाई कितीही प्रामाणिक असली तरी.

एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सामाजिक आणि एकजुटीच्या अर्थव्यवस्थेवर, म्हणजे आपल्यासारख्या नफ्याआधी माणसं पाहणाऱ्या सहकारी संस्था आणि गटांच्या कामावर, ठराव केला. अनुदानाच्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर कर, वजन पडतं. पण बैठक स्वयंपाकाच्या वेळेला ठेवली, तर निम्म्या बायका येणारच नाहीत. ती वेळ आधी बदलून घे.