तो कंस तुमचा आहे

पत्र :

"आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. घर पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारं. दीड वर्षापासून माझे धाकटे भावोजी दर गुरुवारी घरी प्रार्थनासभा घेतात. अमेरिकेतल्या एका उपदेशकांचे व्हिडिओ बघून शेवटच्या काळावर, म्हणजे जगाच्या अंतावर शिकवतात. ख्रिस्ताचा शेवटचा शत्रू, तो ख्रिस्तविरोधी, मुसलमानांतून येणार, देवाच्या लोकांवर चालून येणारं गोग-मागोगचं सैन्य म्हणजे मुसलमान देश, असं सगळं. माझं इंग्रजी बरं म्हणून टिपणं मीच मराठीत टाईप करून देते, लोकांना सोपं जावं म्हणून कंसात अर्थ घालते, तीस-पस्तीस झेरॉक्स निघतात. तो काही प्रश्न नाही. प्रश्न मुलीचा आहे. ती नववीत आहे. खालच्या मजल्यावरच्या मुस्लिम मैत्रिणीबरोबर पहिलीपासून शाळेत जायची. महिनाभर झाला, एकटीच जाते. विचारलं तर म्हणाली, 'ते त्या बाजूचे आहेत.' हे मोठ्या माणसांमध्ये पडत नाहीत. भावोजींना कसं समजावू? टिपणाच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते. प्रभूमध्ये सलाम."

ताई,

"तो काही प्रश्न नाही" असं तुम्ही लिहिलंत. प्रश्न तोच आहे.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. वरून पाचवी ओळ अशी आहे : यहे. ३८:५, पारस, कूश, पूट (म्हणजे आजचे मुसलमान देश). यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात गोगच्या सैन्यात येणाऱ्या देशांची ही नावं. त्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलाय आणि शेजारी समासात शाळकरी अक्षरात एक प्रश्नचिन्ह आहे. ते तुमच्या लेकीचं असणार. तिला शंका आली होती. आईनं टाईप केलेलं म्हणजे बरोबरच असणार, असं तिनं धरलं आणि खालच्या मजल्यावर थांबणं सोडलं. तुम्ही दिरांवर रागावला आहात, पण व्हिडिओतला इंग्रजी उपदेश तिनं ऐकलेला नाही. तिनं तुमचं मराठी वाचलंय.

आता त्या पानावर काय नाही ते बघा. वचन नाही. अध्याय आणि ओवीचा आकडा आहे, तीन नावं आहेत आणि लगेच कंस. वाचणाऱ्याला वाटतं, कंसातलंही शास्त्रातच आहे. ही चूक तुमच्याआधी फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. १९०९ साली अमेरिकेत स्कोफिल्ड यांचं टिपांसह बायबल निघालं. वर वचन, त्याच पानावर खाली टीप. यहेज्केल ३८ खालच्या टिपेत त्यांनी, गोग ज्यांचा अधिपती म्हटलाय त्यांतलं मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे टोबोल्स्क असं ठामपणे लिहिलं. आधार काय, तर नावांचा उच्चार जवळ येतो. लाखो घरांत ते बायबल गेलं आणि टीप वचनासारखी पाठ झाली. पुढे शीतयुद्धाच्या काळात गोग म्हणजे सोव्हिएत रशिया ही बाब अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमध्ये गृहीतच धरली जायची. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. वचन होतं तिथंच राहिलं, कंसातला शब्द बदलला. ११ सप्टेंबर २००१ नंतर त्या जागी इस्लाम जास्त जोरानं आला.

जास्त जोरानं म्हटलं, कारण पहिल्यांदा आला नव्हता. १५२९ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तेव्हा जर्मन धर्मसुधारक लूथरनं बायबलातल्या दानीएलच्या सातव्या अध्यायातलं लहान शिंग म्हणजे इस्लाम असा अर्थ लावला. शत्रू दारात उभा असताना तो पुस्तकात सापडतोच. त्याच लूथरच्या लेखी खरा ख्रिस्तविरोधी पोप होता, हेही दिरांच्या टिपणात यायला हवं होतं.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण जोसाया लिच यांचं. अमेरिकेतल्या या उपदेशकानं प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, त्याचा नववा अध्याय घेतला. पाचव्या ओवीत पाच महिने आहेत, पंधराव्या ओवीत घटका, दिवस, महिना आणि वर्ष. एक दिवस म्हणजे एक वर्ष असा नियम त्यानं लावला. पाच महिन्यांचे १५० दिवस, म्हणजे १५० वर्षं. पुढचा हिशेब ३६० अधिक ३० अधिक १, म्हणजे ३९१ वर्षं, आणि घटका म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग धरून तिचे १५ दिवस. सुरुवात धरली २७ जुलै १२९९, उस्मानी तुर्कांच्या उदयाची म्हणून. बेरीज आली ११ ऑगस्ट १८४०. त्या दिवशी तुर्की सत्ता पडणार, असं त्यानं जाहीर केलं. बेरजेत चूक काढता येत नाही. चूक सुरुवातीला आहे : दिवसाचं वर्ष करा असं त्या अध्यायात कुठंही म्हटलेलं नाही, आणि १२९९ हे साल तर त्यात असणारच नाही. उस्मानी साम्राज्य १९२२ पर्यंत टिकलं. तरी लिचच्या लोकांनी युरोपच्या राजकारणातला त्या उन्हाळ्याचा एक करार दाखवून भाकीत खरं झालं असंच सांगितलं. असा हिशेब कधी खोटा ठरतच नाही, म्हणून तो इतका धोक्याचा.

तुमचे दीर म्हणतील, मेशेख आणि तुबाल आजच्या तुर्कस्तानात होते, हे तर खरं आहे. हो, खरं आहे. अश्शूरी लेखांत मुश्की आणि ताबाल ही नावं येतात, ती तिथलीच. पण यहेज्केल ख्रिस्तापूर्वी सहाव्या शतकात बाबेलात बंदिवासात बसून बोलतोय. इस्लाम त्यानंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी आला. त्याच तुर्कस्तानाच्या मातीत प्रकटीकरणातल्या सातही मंडळ्या, म्हणजे पहिल्या काळातली चर्च, होत्या, इफिस, स्मुर्णा, सगळ्या. जागेवरून माणसांचा धर्म ठरवायचा तर त्या सात मंडळ्यांना कुठल्या कंसात घालणार?

ख्रिस्तविरोधी हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही. तो चारच ओव्यांत आहे : १ योहान २:१८, २:२२, ४:३ आणि २ योहान ७. त्यातही पहिल्याच जागी योहान पुष्कळ ख्रिस्तविरोधी आधीच उठल्याचं सांगतो आणि पुढच्याच ओवीत म्हणतो, ते आपल्यातूनच निघाले. मंडळीतूनच. त्याचा रोख परक्यांवर नव्हता.

मेहदी, म्हणजे शेवटच्या काळात येणार असं मुसलमान मानतात तो नेता, हाच ख्रिस्तविरोधी आणि मुसलमानांचा ईसा, म्हणजे येशू, हा खोटा संदेष्टा, असा उलटा हिशेबही तुमच्या टिपणाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. मेहदीचं नाव कुराणात नाही, आणि त्याच्याबद्दल सुन्नी आणि शिया यांचं एकमत नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, मात्र स्पष्ट आहे की ईसा दमास्कसच्या पूर्वेच्या पांढऱ्या मिनाराजवळ उतरेल आणि दज्जालला, म्हणजे खोट्या मसीहाला, मारील. खालच्या मजल्यावरच्या मुलीनं तिच्या घरात हेच ऐकलं असेल. ख्रिस्त परत येणार, हे त्या दोघींनाही घरच्यांनीच शिकवलंय.

खरा फरक मी लपवत नाही, तुम्हीही लपवू नका. कुराण येशूला मसीह म्हणतं, कुमारी मरियमेचा पुत्र म्हणतं, पण देवाचा पुत्र मानत नाही आणि वधस्तंभावरचं मरण नाकारतं. ही साधी गोष्ट नाही. यावर दोन घरं शंभर वर्षं वाद घालू शकतात. पण वाद घालायला समोर बसावं लागतं, आणि सैन्यात गणलेल्या माणसासमोर कुणी बसत नाही.

म्हणून दिरांना समजावायला जाऊ नका. ते तुम्हाला दहा नवे आकडे देतील आणि तुम्ही तेही टाईप करून बसाल. बुधवारी रात्री जेवणं उरकली की लेकीला शेजारी बसवा. लॅपटॉपवर हेच पान उघडा आणि मराठी पवित्र शास्त्र हातात घ्या. जिथं जिथं आकडा आहे तिथं ती ओवी पूर्ण टाईप करा, आधीची एक आणि नंतरची एक धरून. वाचून दाखवण्याचं काम तिला द्या. मग प्रत्येक कंसावर बोट ठेवून तिला विचारा, हा शब्द वरच्या ओळीत आहे का? नसेल तर कंस काढून खाली वेगळ्या ओळीत लिहा : उपदेशकाचं म्हणणं. मुसलमान हा शब्द तुम्हाला प्रत्येक वेळी खालच्या ओळीतच न्यावा लागेल. पानाचं दीड पान होईल, होऊ द्या. झेरॉक्स त्याच्याच काढायच्या. दीर नको म्हणाले तर टायपिंग त्यांनी स्वतः करावं, एवढं एकच वाक्य बोला आणि थांबा.

लाज वाटेल, तर हे ऐका. इथं कोल्हापुरात ज्या प्रेस्बिटेरियन मिशननं काम केलं, त्यांच्या विश्वासाच्या अंगीकारात, म्हणजे चर्चच्या अधिकृत श्रद्धापत्रात, सतराव्या शतकापासून पोप हाच ख्रिस्तविरोधी असं छापलेलं होतं. अमेरिकेतल्या त्यांच्या चर्चनं १९०३ मध्ये तो मजकूर बदलला. अडीचशे वर्षांचं छापील वाक्य सुधारता येतं, तर तुमची फाईल दीड वर्षाची आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सलाम लिहिलात, आपल्या मराठी शास्त्रात पौल रोमकरांना लिहितो तसा. तो शब्द खालच्या मजल्यावरही रोज वापरतात. कंस काढून झाले की पेन हातात घ्या, आणि समासातल्या त्या प्रश्नचिन्हाशेजारी तिच्यासमोर तुमच्या अक्षरात लिहा : हे आईनं घातलं होतं, शास्त्रात नाही. गुरुवारी सकाळी ती शाळेला निघाली की दारापर्यंत जा, आणि खालच्या मजल्यावरची बेल तिनं वाजवेपर्यंत जिन्यात उभ्या राहा.