जी. आय. जोची नवी सहा इंची स्कारलेट घ्यावी का? तिच्यात जुनी स्कारलेट उरली आहे का?

तुम्ही विचारलंय की जी. आय. जो या हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यातल्या सैनिकांपैकी, नव्या सहा इंची क्लासिफाइड मालिकेतली स्कारलेट घेण्यासारखी आहे का, आणि 1982 च्या स्कारलेटशी तिचं काही नातं उरलंय का. सरळ उत्तर आधी देते: घ्या. रंगांवरून थोडी कुरकुर होईल, माझीही झाली. पण स्कारलेट म्हणून जे हवं, ते हिच्यात जुनीपेक्षा जास्त आहे. दोघी आत्ता माझ्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या आहेत, त्यांच्याकडे बघतच लिहितेय.

माझी जुनी स्कारलेट आली ती 1985 च्या मे महिन्यात. आत्या न्यू जर्सीहून आली तेव्हा तिच्या मुलाची वापरलेली खेळणी एका पिशवीत घालून घेऊन आली होती. दोन्ही भावांनी पिशवी पालथी केली, सैनिक वाटून घेतले आणि उरलेली एक माझ्यापुढे सरकवली. "ही बाई आहे, ही तुला." मी आठ वर्षांची होते. पुढे फनस्कूलने हॅस्ब्रोच्या परवान्याने भारतात जी. आय. जो काढायला सुरुवात केली आणि भावांची फौज वाढत गेली. माझ्याकडे मात्र ती एकच. बरीच वर्षं मला वाटायचं की तिला कुणीतरी उगाच भरती म्हणून घातलं असेल. मोठेपणी तिच्या पाकिटामागच्या कार्डावरची माहिती वाचली तेव्हा कळलं की तसं मुळीच नव्हतं.

1982 च्या पहिल्या तुकडीत सुटे आणि गाड्यांबरोबर मिळणारे धरून तेरा जो होते, आणि त्यात ही एकटी बाई. खरं नाव शाना ओ'हारा, गाव जॉर्जियातलं अटलांटा, काम प्रतिहेरगिरीचं. वडील आणि तीन भाऊ मार्शल आर्ट्सचे शिक्षक. नवव्या वर्षी शिकायला सुरुवात, पंधराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट, वर कायद्याची पदवी उत्तम गुणांनी. ही कार्डं लॅरी हामा लिहायचे आणि मार्व्हलची जी. आय. जो कॉमिक्सही तेच लिहायचे. 1984 मधला त्यांचा एकविसावा अंक आवर्जून मिळवा. त्यात एकही संवाद नाही. कोब्रा या शत्रू संघटनेच्या किल्ल्यात स्कारलेट कैदेत आहे आणि तिचा साथीदार स्नेक आइज तिला सोडवायला येतोय, पण तो पोचायच्या आधीच ती स्वतःची स्वतः सुटलेली असते. तीन भावांच्या घरात वाढलेली मुलगी अशीच असणार, हे मला तरी पटवून द्यावं लागलं नाही.

हे सगळं सांगितलं, कारण नवीन फिगरची पारख माझ्या मते इथूनच करायची. पोशाख जुना की नवा हा प्रश्न नंतर. आधी हे बघायचं की कार्डावर जे काम लिहिलंय ते करणारी बाई ही वाटते का?

आता हत्यार बघा. स्कारलेटची ओळख म्हणजे क्रॉसबो, बंदुकीसारखं धरून चालवायचं धनुष्य. जुन्या फिगरबरोबर तेवढंच मिळायचं, पाठीवरची पिशवीसुद्धा नाही. आणि 1982 च्या फिगरला तो क्रॉसबो नीट धरताच येत नसे. त्या वर्षीच्या सगळ्याच जोंचे हात खांद्यात हलायचे, कोपरात वाकायचे, पण दंडात फिरायचे नाहीत. हत्यार छातीसमोर आडवं आणायला गेलात की हात तिसरीकडेच जायचा. 1983 मध्ये हॅस्ब्रोने दंडात फिरता सांधा दिला आणि आधीचे सैनिकही त्याच हातांनी पुन्हा काढले. माझी स्कारलेट त्यातली, म्हणजे नशीबवान. तरी पावणेचार इंचाच्या त्या अंगात तिला नेम धरून उभी करायची तर दहा मिनिटं खटपट करावी लागे, आणि टेबलाला धक्का लागला की मुसळ केरात.

नवीन हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा तेच करून पाहिलं. क्रॉसबो उजव्या हातात दिला, डावा हात पुढे आणून खालून आधार दिला, एक गुडघा वाकवला, मान किंचित खाली. उभी राहिली. थोडी मागे सरकून बघितलं तर नेम धरलेली बाई दिसत होती, आणि खरं सांगते, मला भरून आलं. आठ वर्षांची असताना मी तिला याच पवित्र्यात बघायचा हट्ट करत होते.

त्रुटी आहेत, त्याही सांगते. मागे बांधलेले केस मानेवर टेकतात, त्यामुळे वर बघायला लावलं की डोकं अडतं. पोशाखातला सोनेरी रंग मला रुचलेला नाही. जुनीचा मळकट पिवळा आणि त्याखालचा निळसर राखाडी, हे कामाचे कपडे वाटायचे. सोनेरी रंगाने उगाच समारंभाचा थाट आलाय. क्लासिफाइडच्या पहिल्याच खेपेत हिच्याबरोबर आलेल्या ड्यूक या सैनिकाबद्दलही बऱ्याच जणांची हीच तक्रार होती. माझ्या ओळखीच्या एकाने सोनेरी भागांवर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला आणि फिगर एकदम जमिनीवर आली. मी अजून धीर केलेला नाही.

चेहऱ्याबद्दल मात्र तक्रार नाही. जुनीचा चेहरा म्हणजे रंगाचे चार ठिपके, त्यात राग, हसू, काहीही आपण बघायचं. नवीनचा चेहरा प्रौढ बाईचा आहे. फोटोसाठी सजवलेली बाई वाटत नाही, आणि माझ्यासाठी हे फार मोलाचं आहे. सैनिक बाईची फिगर करायची म्हटलं की कंपन्या बिचकतात, हा इतिहास जुना आहे. 1964 मध्ये हॅस्ब्रोने 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्दच आणला तो मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या भीतीने. 1967 मध्ये जी. आय. जोच्या बारा इंची मालिकेत नर्स काढली, ती चालली नाही, आणि त्या मापात पुढची सैनिक बाई, हेलिकॉप्टर पायलट, यायला 1997 उजाडलं. तीस वर्षं! अशा घराण्यात 2020 च्या पहिल्याच खेपेत, रोडब्लॉक, स्नेक आइज, डेस्ट्रो, ड्यूक यांच्या मागोमाग 05 क्रमांकावर स्कारलेट येते, याचा मला मनापासून आनंद झाला. नंतर कधीतरी भर घालायची म्हणून ती आणली नाही, तिच्यासह सुरुवात केली.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्याकडे जुने जो किंवा फनस्कूलचे जो असतील तर ही त्यांच्यात मिसळणार नाही. जुने साडेनऊ सेंटिमीटरचे, ही साधारण पंधराची. जुन्या जीपमध्ये ती बसणार नाही. वेगळं कपाट लागेल.

खोका उघडल्यावर एखादा सांधा घट्ट लागला तर जोर लावू नका. रंगाने चिकटलेला असतो, पिळलात तर आतली खुंटीच तुटते. वाटीभर गरम पाणी घ्या, उकळतं नको, त्यात तेवढा भाग मिनिटभर बुडवा आणि मग हळूहळू फिरवा. क्रॉसबो वाकडा आला असेल तर त्यालाही हाच उपाय, फक्त सरळ केल्यावर लगेच गार पाण्यात धरा.

आणि माळ्यावर तुमची जुनी स्कारलेट कंबरेत दुभंगून पडली असेल, तर टाकून देऊ नका. बहुतेक जुन्यांचं तेच होतं. आत एक रबरी रिंग असते, वरचं धड आणि पाय तिनेच जोडलेले असतात, आणि चाळीस वर्षांत रबर चिवटपणा सोडतं. पाठीवरचा छोटा स्क्रू काढा, धड उघडेल, पायांच्या वर धातूचा आकडा दिसेल. जुनी रिंग घेऊन नळदुरुस्तीचं सामान मिळतं त्या दुकानात जा आणि याच मापाची द्या म्हणून सांगा. माझ्या दुकानदाराने बाहुलीसाठी हवी म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत. ती रिंग आकड्यात अडकवून स्क्रू पुन्हा लावताना फार आवळू नका, नाहीतर कंबर फिरत नाही. माझी आता फिरते. दंडही फिरतात. अंगठा तेवढा लहानपणीच तुटलाय, म्हणून क्रॉसबो डाव्या हातात आहे.