नवीन एडिशन चाललं की नाही हे कसं ओळखायचं

अरे,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला, रात्री फोनवरच उत्तर टाइप करायला बसले होते पण एवढं सगळं फोनवर लिहिणं होईना, म्हणून आज सकाळी चहा घेऊन नीट बसलेय. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे, म्हणजे तुमच्या त्या टेबलाभोवती बसून पात्रं बनून गोष्ट खेळायच्या डीअँडडीचे, २०२४ चे नवीन नियम चाललेत की पडलेत असं तू विचारतोयस, कारण तुला कॅफेसाठी तीनही पुस्तकांचे (खेळणाऱ्यांचं प्लेअर्स हँडबुक, खेळ चालवणाऱ्याचं डंजन मास्टर्स गाइड आणि राक्षसांचं मॉन्स्टर मॅन्युअल) ३० सेट मागवायचेत आणि तुझ्या ग्रुपमधले अर्धे म्हणतात जोरात खपतंय आणि अर्धे म्हणतात कोणी हात लावत नाहीये. गेम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण मी २२ वर्षं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या वितरणात काढलीयेत, आणि पुस्तक ड्रॅगनचं असो की दहावीच्या भूमितीचं, दुकानात गेल्यावर ते सारखंच वागतं.

पहिली गोष्ट, "माल उचलला" आणि "माल खपला" यात फार फरक आहे. एका वर्षी एका प्रकाशकाने दिवाळी अंक काढला आणि लक्ष्मीपूजनाच्या आधीच सगळीकडे सांगून टाकलं की सगळ्या प्रती गेल्या. गेल्या होत्याच, आमच्यासारख्यांच्या गोडाऊनमध्ये! जानेवारीत गठ्ठे परत यायला लागले, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती, वरच्या अंकावर सुतळीचा वळ उमटलेला आणि आतले कोरे करकरीत. त्या अंकांचे माझे पैसे दीड वर्ष अडकले होते. म्हणून कोणी "पहिली प्रिंट संपली" म्हटलं की मी आधी विचारते, कोणाकडे जाऊन संपली? आणि हे काय आपल्याकडेच होतं असं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांनी १९७४ मध्ये काढला त्या टीएसआरचं पण शेवटी शेवटी हेच झालं, पुस्तकांच्या दुकानांकडे गेलेला माल ढिगाने परत आला, कर्ज होतंच, आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या गेम कंपनीने ती विकत घेतली. खेळणारे संपले नव्हते रे, खेळ तेव्हाही लोकांना आवडतच होता, हिशोब चुकला होता.

आता नवीन एडिशनचं. तुला आठवत असेल अभ्यासक्रम बदलला की जून महिन्यात आमच्या चौकात पाय ठेवायला जागा नसायची, कारण जुनं पुस्तक एका रात्रीत रद्दी होतं आणि प्रत्येक घराला नवीन घ्यावंच लागतं. गेमच्या एडिशनला ही सक्ती नाही. आपल्या रविवारच्या टेबलावर २०१४ चं जे प्लेअर्स हँडबुक फिरतं ते बघ एकदा नीट, बाइंडिंग सुटलंय, कण्याला ब्राउन टेप लावलीये, स्पेल्सची पानं बोटं लागून लागून काळपट झालीयेत, आणि तरी त्याच्यावर खेळ मजेत चालू आहे. नवीन एडिशनची खरी स्पर्धा या टेप लावलेल्या पुस्तकाशी असते, दुसऱ्या कुठल्या गेमशी नंतर. त्यात परत नवीन नियम जुन्या कॅम्पेनबरोबर, म्हणजे आधीपासून चालू असलेल्या लांबलचक गोष्टीबरोबर, चालतात असं कंपनीने स्वतःच सांगितलंय, म्हणजे घाई करायचं कारण अजून कमी झालं.

आणि एका टेबलावर पुस्तकं घेतो कोण? डीएम, म्हणजे डंजन मास्टर, जो गोष्ट सांगत खेळ चालवतो. तो तीनही घेतो, बाकीचे चार-पाच जण त्याचंच मागून वाचतात. म्हणून खपाच्या आकड्यावरून किती लोक खेळतायत ते कळत नाही, आणि किती खेळतायत त्यावरून खप कळत नाही. आता तर डीअँडडी बियाँड या वेबसाइटवर डिजिटल घेणारे वेगळे, ती विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने २०२२ मध्ये विकत घेतली, तिथली विक्री पुस्तकांच्या दुकानांच्या आकड्यात दिसतच नाही. हॅस्ब्रोच्या तिमाही निकालात विझार्ड्सचाच पत्त्यांचा गेम मॅजिक द गॅदरिंग शेजारी बसलेलं असतं आणि ते एवढं मोठं आहे की एकट्या डीअँडडीचं काय झालं ते त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. २०२४ चं प्लेअर्स हँडबुक सगळ्यात वेगाने खपलं असं विझार्ड्सने सांगितलं, ते खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, पण वेगाने खपणं म्हणजे जे वाट बघत होते त्यांनी पहिल्या आठवड्यात घेतलं, ते कितपत टिकेल हे त्यातून कळत नाही.

टिकणं कसं दिसतं ते मागच्या दोन एडिशनवर बघ. चौथं एडिशन जून २००८ ला आलं, सुरुवात दणक्यात झाली होती, आणि पुढच्याच वर्षी पायझो नावाच्या प्रकाशकाने डीअँडडीच्या जुन्या ३.५ एडिशनच्या नियमांवर पाथफाइंडर नावाचा गेम काढला आणि जे लोक चौथ्यावर यायला तयार नव्हते त्यातले बरेच तिकडे गेले. जानेवारी २०१२ मध्ये, चार वर्षंही झाली नव्हती, विझार्ड्सने पुढच्या एडिशनचं काम सुरू असल्याचं जाहीर केलं. मला विचारशील तर एवढी एक तारीख सगळ्या खपाच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलते, चालणारं दुकान कोणी स्वतःहून बंद करत नाही. उलट पाचवं २०१४ मध्ये आलं, पुस्तकंसुद्धा ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर अशी हळूहळू आली, बेसिक नियम तर फुकट दिले होते, आणि त्याचा मोठा बहर नंतर आला, लोकांना डीअँडडी खेळताना दाखवणारा ऑनलाइन शो क्रिटिकल रोल २०१५ ला सुरू झाला, ज्यात मुलं डीअँडडी खेळतात ती स्ट्रेंजर थिंग्ज मालिका २०१६ ला, आणि कधी डाइस हातात न घेतलेली मुलं खेळायला यायला लागली. ते दहा वर्षं चाललं. २०१४ च्या दिवाळीत कोणी त्याचा निकाल लावला असता तर तो चुकलाच असता.

म्हणून तू काय बघायचं ते सांगते. प्लेअर्स हँडबुक कोणी घेतलं ते सोड, सप्टेंबर २०२४ ला हँडबुक घेतलेल्यांपैकी किती जण फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल घ्यायला परत आले ते विचार, कारण राक्षसांचं पुस्तक तोच घेतो जो खरंच गेम चालवतोय. हँडबुक हौसेनेही घेतलं जातं. मग दुसरं, पुण्यात नवीन सुरू होणारी टेबलं कुठल्या नियमांवर सुरू होतायत, जुनी मुरलेली टेबलं नाही, नवीन. आणि सेकंडहँड कोण काय विकतंय ते बघ, २०१४ ची पुस्तकं विकायला निघाली असतील तर लोक खरंच पुढे सरकलेत, आणि २०२४ चीच कोरी पुस्तकं विकायला निघाली असतील तर तुला माझा सुतळीचा वळ आठवू दे.

आपल्या ग्रुपवरून मात्र ठरवू नकोस, आपण सात जण आहोत आणि सातही जण एकाच घरी पोहे खातो.

३० सेट अजिबात नको. अमेरिकेत एका पुस्तकाची छापील किंमत ५० डॉलर आहे, त्यावर आणण्याचा खर्च, आणि न खपलेला माल तुझ्याकडून परत कोणी घेणार नाहीये, आमच्या धंद्यात निदान परतावा तरी होता. सहा हँडबुक मागव, मॉन्स्टर मॅन्युअल दोन, डंजन मास्टर्स गाइड एक, आणि प्रत्येकाची एक प्रत कॅफेत उघडून ठेव, येणाऱ्याला हात लावू दे, पानं काळी होऊ देत. दर रविवारी रात्री एका वहीत लिही, किती टेबलं लागली, कुठले नियम, त्यात पहिल्यांदा खेळणारे किती, आणि कोणी काय विकत घेतलं. तीन महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे ये, पुढची ऑर्डर आपण मिळून लिहू.

तुझी,
मावशी