शब्दच नसतील तर नाचातून कोठडीतली चौकशी कशी कळणार? आणि असल्या विषयाचा नाच करावाच का?

मी ठाण्यात मुलांना कंटेम्पररी शिकवते, त्याआधी बरीच वर्षं कथक केलंय, त्यामुळे उत्तर त्या बाजूनेच देणार. आणि तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ख्रिस्तोफर ब्रूस नावाच्या ब्रिटिश कोरिओग्राफरचं 'स्वानसाँग' म्हणून एक काम आहे, 1987 सालचं, लंडन फेस्टिव्हल बॅले या नृत्यकंपनीसाठी केलेलं. स्टेजवर तिघंच. एक कैदी, दोन पहारेकरी, आणि एक साधी खुर्ची. देश कुठला, गुन्हा काय, काही म्हणजे काही सांगत नाहीत.

आता पहिला भाग, तिथे म्युझिकच नाही. चौकशी होते ती पायांनी, टॅप डान्समधून, म्हणजे बुटांच्या आवाजाने ताल काढायच्या नाचातून, पहारेकरी खुर्चीभोवती फिरत ठोके टाकतात आणि प्रत्येक ठोका प्रश्नासारखा त्या माणसावर येऊन आदळतो. आम्ही कथकवाले सवाल-जवाबावरच वाढलेलो असतो ना, तबल्याने बोल टाकायचा आणि आपण पायातून उत्तर द्यायचं, तमाशातही सवाल-जवाब रंगतात, आणि ते रंगतात कारण दोन्ही बाजू तोडीस तोड असतात, हरलेलाही शेवटी हसत घरी जातो. इथे खेळ तोच आहे पण एकाला उठायची परवानगी नाही आणि त्याने काहीही उत्तर दिलं तरी ते चूकच ठरणार आहे. शब्द असते तर आपण लगेच विचार करत बसलो असतो की याने खरंच काही केलंय का, खोटं बोलतोय का. शब्द नाहीत म्हणून एवढंच दिसतं की विचारतंय कोण आणि बसवलंय कोणाला. मला तर वाटतं चौकशी दाखवायला नाचाइतकं नेमकं दुसरं काही नाही.

ती खुर्ची पण बघत रहा. कधी ती ढाल होते, कधी हत्यार, कधी तुरुंगाचे गज.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहारेकऱ्यांमधे आहे. ते वाईट नाचत नाहीत, मस्त नाचतात, जुन्या म्युझिक हॉलच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या नाच-गाण्याच्या करमणुकीच्या कार्यक्रमांच्या, स्टाईलमधे, हातात काठ्या घेऊन, कैद्याला विदूषकाचं लाल नाक लावतात, आणि आपल्याला त्या तालात मजा यायला लागते, मग अचानक लक्षात येतं की आपण कोणाच्या बाजूने ताल धरलाय. म्हणजे दुःख सुंदर करून विकलंय असं नाहीये, छळणाऱ्याला किती मजा येते ते आपल्याच अंगातून कळतं. कैद्याचे सोलो वेगळेच, तिथे शरीर लांब होतं, वळतं, वरून तिरक्या येणाऱ्या उजेडाकडे ओढलं जातं.

आणि हा विषय ब्रूसने हवेतून उचललेला नाही. 1973 ला चिलीत लष्कराने सत्ता घेतली तेव्हा गायक व्हिक्टर हारा यांना पकडून स्टेडियममधे डांबलं, छळलं आणि मारलं. त्यांची बायको जोन स्वतः डान्सर, आणि तिच्याशी ओळख झाल्यावर ब्रूसने चिलीवर आधी 1981 मधे एक काम केलं होतं.

आपल्याकडचं सांगायचं तर ठाण्याच्या सेंट्रल जेलच्या भिंतीजवळून आपण रोज जातो, तो मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. तिथेच 19 एप्रिल 1910 ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या हत्येसाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. शाळेत आपण फाशीची तारीख पाठ करतो, पण पकडल्यापासून फाशीपर्यंतचे चार महिने त्यांच्या शरीरावर काय गेलं असेल ते कुठल्याच धड्यात नसतं. ती मधली जागा मला नाचाची वाटते, म्हणून करावा, नक्की करावा.

क्लासमधे मी एक एक्सरसाईज घेते. एकाने खुर्चीत बसायचं, दोघांनी बूट घालून नुसतं मागे फिरायचं, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. थोड्या वेळात बसलेल्याचे खांदे आपोआप वर जातात, श्वास छातीत अडकतो. तुम्हीही घरी करून बघा, कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

रेकॉर्डिंग बघणार असाल तर मोबाईलच्या स्पीकरवर नको, चांगले हेडफोन लावा, कारण पहिल्या भागात सगळं पायांच्या आवाजातच आहे. आणि पहिल्यांदा बघताना नजर मुद्दाम पहारेकऱ्यांवर ठेवा, कैद्याकडे ती तशीही जाणारच आहे.