घरची भाषा कोणती?

बडोद्याहून कनेक्टिकटला निघण्याच्या तयारीत असताना, तिथला एखादा आठवडा कसा जातो आणि फार एकटे वाटते का, असे आपण विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळांवर मिळतील. मी माझा मागचा आठवडा सांगते.

मंगळवारी रात्री झोप येईना म्हणून इंटरनेटवर जुने बडोदे शोधत बसले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी ज्या विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावले, ते आम्ही राहतो त्याच, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरातल्या एका ग्रंथालयात काम करीत होते, हे वाचून मी नवऱ्याला उठवले. तो कूस बदलून झोपला. पुढे वाचता वाचता १९०६ साली महाराजांनी संस्थानभर सक्तीच्या केलेल्या प्राथमिक शिक्षणाशी आले आणि तिथून जुनी जखम निघाली.

इथे शाळेत नाव घालताना, घरी कोणती भाषा बोलता, असा एक कागद भरावा लागतो. मोठीच्या वेळी मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिले. बडोद्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीची त्या एका शब्दापायी इंग्रजीची चाचणी झाली, आणि ती भेदरून गप्प बसल्यामुळे वर्षभर तिला भरल्या वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत आणि सफरचंदाचे चित्र दाखवून नाव विचारीत. पालकांना तो वेगळा वर्ग नाकारता येतो, हे मला फार उशिरा कळले. आपण ते पहिल्याच दिवशी लेखी कळवा. धाकट्याच्या कागदावर मात्र मी सरळ ‘इंग्रजी’ लिहिले. आईला हे अजून सांगितलेले नाही.

एकटे वाटते, कामाला लागले की विसरायला होते.

रविवारी सेव-उसळ केली. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असल्याने इथल्या सकाळच्या आठला बडोद्याच्या दांडिया बाजारात आईच्या घरी संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. उसळीवरची तरी नीट लाल झाली आहे का, हे तिने पातेले फोनसमोर धरायला लावून पाहिले. धाकटा “आजी” एवढे म्हणाला आणि पुढचे सगळे इंग्रजीत बोलला.

“काय म्हणाला गं?” आईने विचारले.

“उसळ छान झालीये म्हणतोय,” मी सांगितले. हे संपले की खेळायला जाऊ का, असे तो विचारीत होता.